तुम्ही विचारलंत म्हणून : पोरीला कुणी वाचवलं?

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, वारसनोंदी, नावातल्या दुरुस्त्या, असले अर्ज लिहून देणं हे रोजचं काम. पण महिन्या-दोन महिन्यांतून एखादा माणूस कागदासाठी आलेला नसतो. तो बाजूला उभा राहतो, गर्दी ओसरू देतो आणि मग हळूच विचारतो, "तुमची मुलगी म्हणे जन्मली तेव्हा एक किलोची होती. कुठल्या डॉक्टरांनी वाचवली? नंबर मिळेल का?"

गेल्या मंगळवारी असाच एक जण आला होता. भावजय सातव्या महिन्यातच बाळंत झालेली, बाळ तेराशे ग्रॅमचं, काचेत ठेवलेलं. त्याला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि नेहमी सांगतो ते सांगितलं. दुकानात मध्येच कुणी आधार कार्डाची झेरॉक्स मागतं आणि बोलणं तुटतं, म्हणून आज सगळं लिहूनच काढतोय.

डॉक्टर चांगले होते. पहिल्या रात्री त्यांनी लेकीच्या फुफ्फुसात औषध सोडलं, श्वासाचं मशीन लावलं, त्यांचे उपकार आहेतच. पण कुणी वाचवली म्हणाल, तर मला आधी आठवतात त्या रात्रपाळीच्या सिस्टर. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

२०१८ सालचा जून. दिवस भरायला अकरा आठवडे बाकी असताना बायकोचं बीपी इतकं वाढलं की तिला झटके यायला लागले. तालुक्याहून १०८ ने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि रात्रीच सिझर केलं. बाळ १,०८० ग्रॅम. बायको पहिल्या मजल्यावर बेशुद्ध, लेक तिसऱ्या मजल्यावर नवजात बालकांच्या कक्षात, आणि मी मधल्या जिन्यावर. आई गावाहून निघाली होती, ती पोचेपर्यंत माझ्याशी बोलायलाही कुणी नव्हतं.

सगळ्याच सिस्टर गोड बोलायच्या असं नाही. एकीनं मला दारातच दरडावलं, "बाहेर थांबा, कितीदा सांगायचं!" तेव्हा फार लागलं ते. नंतर कळलं, त्या रात्री आत अकरा बाळं होती आणि सिस्टर दोन. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी असा हिशोब आहे म्हणतात. माझा राग तिथेच गेला, पण हा हिशोब कधी जुळतो का, हे कुणीतरी वरच्यांना विचारायला हवं.

दुसऱ्या रात्री ह्या सिस्टर आल्या. त्यांनी दार उघडून आधी मला हात धुवायला शिकवलं. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं, सगळं क्रमानं. माझे हात दोनदा परत धुवायला लावले. मग म्हणाल्या, "दादा, या. बाईसाहेबांना भेटा." बाळाच्या पायाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बायकोचं नाव. माझ्या लेकीला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, आणि ह्या तिला बाईसाहेब म्हणत होत्या.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "आई कशी आहे? दूध आलं का?"

मी म्हटलं, ती अजून धड शुद्धीवर नाही, दूध कुठलं येतंय. त्या गप्प बसल्या. सकाळी पाळी संपल्यावर घरी जायचं सोडून पहिल्या मजल्यावर गेल्या. बायकोला तोवर जाग आली होती. तिच्याशेजारी बसून त्यांनी हातानं चीक कसा काढायचा ते दाखवलं. अर्ध्या तासात सिरिंजमध्ये जेमतेम चार रेघा भरल्या. ०.४ मिली. बायकोला रडू फुटलं, एवढ्यानं काय होणार म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "ताई, ही तिची पहिली लस आहे. पाठवा वर." मी ती सिरिंज मुठीत धरून जिना चढलो. वरच्या सिस्टरला फोन गेलेलाच होता. त्यांनी कापसाच्या काडीनं तो चीक लेकीच्या गालांना आतून लावला आणि तिनं ओठ हलवले. मी खाली जाऊन बायकोला सांगितलं, "तिनं चाटलं." त्या दिवसानंतर बायकोनं एकदाही एवढ्यानं काय होणार म्हटलं नाही. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठून ती दूध काढायची.

मुंबईत सायनच्या दवाखान्यात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. ज्या आईला दूध नाही तिच्या बाळाला दुसऱ्या आईचं मिळावं, पण आईचंच मिळावं, अशी त्यामागची धडपड. आमच्याकडे पेढी नव्हती. चार रेघांचा मान ठेवणाऱ्या सिस्टर होत्या.

सहाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "दादा, घरात जुनं सुती लुगडं आहे का? नवं नको, खळ असते त्याला." आईनं आपलं नऊवारी लुगडं काढून दिलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. सिस्टर म्हणाल्या, "आंघोळ करून या, अत्तर-पावडर काही नको. शर्ट काढायची तयारी ठेवा."

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. मशीनच्या नळ्या लागलेलं एवढंसं बाळ माझ्या छातीवर? मी म्हटलं, तिची आई बरी होईपर्यंत थांबू की. त्या म्हणाल्या, "ती कशाला थांबेल? ऊब बापाकडे पण असते."

मग खुर्चीत रेलून बसवलं. एका हातानं मान-डोकं आणि दुसऱ्या हातानं ढुंगण सावरत त्यांनी लेकीला उचललं, नळी कुठे ताणली जात नाही ना बघितलं आणि उभी माझ्या छातीवर ठेवली. अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. मान एका कुशीला वळवली, हनुवटी जराशी वर, कारण खाली झुकली तर श्वासाची वाट दुमडते. पाय बेडकासारखे फाकवून दुमडले. वरून लुगड्याचे दोन वेढे घातले. तिचं सगळं अंग माझ्या तळहाताहून फार मोठं नव्हतं, आणि तरी ती एखाद्या तापलेल्या खड्यासारखी जाणवत होती. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा ८८ वर घसरला. मी घाबरून सिस्टरांकडे बघितलं. त्यांची दोन बोटं लेकीच्या पाठीवर होती आणि नजर मशीनकडे नव्हती, तिच्या नाकपुड्यांकडे होती.

"दादा, श्वास सोडा. तुम्हीच धरून बसलात."

मी श्वास सोडला. ९०. ९२. ९४. थोड्या वेळानं लेकीची मूठ उघडली आणि माझ्या छातीवर टेकली. सिस्टर वीस मिनिटं तशाच उभ्या होत्या, पाठीवरची बोटं न काढता.

ह्याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय यांनी हे सुरू केलं, कारण काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त. गरजेपोटी काढलेली ती वाट होती, पण पुढे तीच राजमार्ग झाली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्याकडे दिल्लीचं सफदरजंग, अशा पाच ठिकाणच्या दवाखान्यांत मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०२१ साली आला. बाळ पूर्ण स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच छातीला लावलं, तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू पाव हिश्शानं कमी होतात. आता जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, दिवसाचे आठ ते चोवीस तास. आमच्या वेळी सहा दिवस थांबावं लागलं. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी विचारा. डॉक्टरांनी हो म्हटलं की आई, बाप, आजी, जो धडधाकट असेल त्यानं बसा.

सिस्टरांचं आणखी एक सांगायचं राहतं. टाचेतून रक्त घ्यायचं असलं की त्या आधी टाच हातात धरून गरम करायच्या. मग आईच्या दुधाचे दोन थेंब जिभेवर. मग थांबायचं. इतकी बाळं, इतकी घाई, आणि तरी पुरती दोन मिनिटं थांबायचं. मग म्हणायचं, "बाईसाहेब, आता टोचणार हं." मी एकदा विचारलं, तिला काय कळतंय? त्या म्हणाल्या, "तिला नसेल कळत. माझ्या हाताला कळतं." गोड चवीनं आणि जवळ धरल्यानं बाळाला दुखणं कमी होतं, हे तर सिद्धच झालेलं आहे. पण त्यांनी म्हटलेलं मला जास्त पटतं.

विसाव्या की एकविसाव्या रात्री शेजारच्या वॉर्मरवरचं बाळ गेलं. डॉक्टरांनी सगळं करून बघितलं होतं. त्याची आई दाराशी भिंतीला टेकून बसली होती, एकोणीस-वीस वर्षांची असेल. सिस्टरांनी आधी पडदा ओढला. मग कापूस कोमट पाण्यात भिजवून बाळाच्या गालावरची चिकटपट्टी हळूहळू सोडवली, कातडी निघू नये म्हणून. गेलेल्या बाळाची. अंग पुसलं, घरच्यांनी बारशासाठी आणून ठेवलेलं झबलं घातलं, आणि मग आईला आत आणून तिच्या मांडीवर दिलं. "घ्या ताई. बसा हवं तेवढं. मी आहे इथे." कुणालाही त्यांनी घाई करू दिली नाही. त्या पोरीनं बाळाचे पाय उघडून बघितले, बोटं मोजली.

नंतर सिस्टर बेसिनशी गेल्या. हात धुतले, पूर्ण, सगळ्या पायऱ्यांनी, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग आमच्याकडे आल्या. लेकीच्या दुधाची वेळ झाली होती. नळीतून चौदा मिली दूध, सिरिंज वर धरून, आपोआप उतरेल तसं. त्यांचा हात हलत नव्हता. मी काहीतरी बोलायला गेलो तर त्या म्हणाल्या, "आत्ता नको दादा." त्यांनी नको म्हटल्यावर मी गप्प बसलो, ते बरं केलं.

सत्तेचाळीस दिवसांनी आम्ही घरी आलो. १,६५० ग्रॅम. तोवर लेक बोंडल्यानं दूध प्यायला लागली होती आणि बायको तिला दिवस दिवस लुगड्यात बांधून बसत होती. निघताना सिस्टरांनी कार्डावर लाल पेनानं डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. पहिली तपासणी त्यांनी महिना भरायच्या आत करवून घेतली होती. अशा बाळांच्या डोळ्यांतला पडदा बिघडू शकतो, वेळेत कळलं तर नजर वाचते, उशीर झाला तर गेली. आम्ही विसरू म्हणून आदल्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला.

मी पेढे नेले होते. त्या हसल्या. म्हणाल्या, "पेढे सगळे देतात दादा, कागद कुणी देत नाही."

कागद तर माझा धंदा. त्याच दुपारी मी दवाखान्याच्या कार्यालयात गेलो आणि लिहायला वही मागितली. तिथे तक्रारवही होती. चांगलं लिहायची वही नव्हती. मग मी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे रीतसर अर्ज लिहिला. विषय: अधिपरिचारिकेच्या सेवेबद्दल. "फार चांगल्या आहेत, देवमाणूस आहेत" असं त्यात एकदाही लिहिलं नाही. तारीख घालून, वेळ घालून, काय केलं ते लिहिलं. अमुक दिवशी पाळी संपल्यावर पहिल्या मजल्यावर गेल्या. अमुक रात्री अमुक केलं. खाली विनंती, की प्रत त्यांच्या सेवापुस्तकासोबत ठेवावी. आवक क्रमांक घेतला आणि एक प्रत त्यांना दिली.

अमेरिकेत डेझी नावाचा एक सन्मान आहे. पॅट्रिक बार्न्स नावाचा तरुण १९९९ मध्ये आजारानं गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांना परिचारिकांनी केलेली सेवा विसरता येईना, म्हणून त्यांनी तो सुरू केला. रुग्ण आणि घरचे आपल्या परिचारिकेबद्दल लिहून पाठवतात. आपल्याकडे केंद्र सरकारचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, पण तो देशभरात मोजक्यांना मिळतो. माझं म्हणणं, पुरस्काराची वाट कशाला बघायची? तुमचं बाळ घरी आलं की एक अर्ज लिहा. लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या. असे नऊ अर्ज आजवर लिहून दिलेत, त्याचे पैसे घेत नाही.

पुढे सिस्टरांची बदली झाली. मागच्या वर्षी लेकीला घेऊन भेटायला गेलो, दुसरीत आहे ती आता. सिस्टर वॉर्डातून बाहेर आल्या, लेकीकडे बघितलं, आणि तिला हात लावायच्या आधी परत आत जाऊन हात धुऊन आल्या. मग तिचा डावा हात उलटा करून मनगटावरचा सुईचा बारीक पांढरा वण शोधला. त्यावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "ही शीर सापडायला तासभर लागला होता बाईसाहेब."

मंगळवारच्या त्या माणसाला डॉक्टरांचा नंबर दिलाच. सरकारी दवाखान्यात अशा बाळाच्या उपचारांचे पैसे लागत नाहीत, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, तेही सांगितलं. रात्रपाळीला कोण सिस्टर आहेत त्यांचं नाव विचारून ठेवा म्हटलं. आणि घरी नेऊन आईचं ते लुगडं दिलं. एका बाजूला विरलंय, पण दोन वेढे नीट बसतात. गरम पाण्यात धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं, वर इस्त्री फिरवायची, मगच बाळाला गुंडाळायचं. परत करायची घाई नाही.