गाढवांनी नाकारलेलं पाणी

सोमवार, रात्र

पाणी वाचवायच्या मोहिमेत दोन गाढवं घेऊन आम्ही गावोगाव चाललोय, पण आज चालणं कमी, थांबणं जास्त झालं. कुठूनतरी पाण्याचा ओघळ येऊन रस्त्यावर चकचकीत पट्टा पडला होता. त्याच्या अलीकडे आमच्या जोडीतल्या भुरीने पाय रोवले ते रोवलेच. घोडा बिचकला की उधळतो, गाढव बिचकलं की थिजतं. समोर काय आहे, त्याची खोली किती, पाय टाकला तर काय होईल, हे स्वतःला पटल्याशिवाय ते हलत नाही. लोक याला हट्ट म्हणतात. गाढवं सांभाळणारे दादा म्हणतात, "विचार करतंय ते. आपणही करत जावा अधूनमधून."

मागे हॉर्नचा कल्लोळ, हातात ताणलेलं दावं, आणि पाठीवर 'पाणी वाचवा'चा फलक घेतलेलं जनावर वीतभर पाण्यापाशी अडलेलं! दोन-तीन मोबाइल लगेच वर झाले. शेवटी दुसरी गाढवीण, काजळ, निवांतपणे पट्टा ओलांडून गेली आणि तिच्या मागोमाग भुरीही. जोडीतलं एक पुढे गेलं की दुसऱ्याला मागे राहवत नाही. म्हणून तर गाढवं एकेकटी न्यायची नाहीत, असं दादांनी निघतानाच बजावलं होतं.

थांबलेल्या माणसांनी हसून घेतलं, फोटो काढले, देणगीच्या डब्यात पैसेही टाकले. पाण्याबद्दल मात्र एकानेही काही विचारलं नाही. आम्ही नुसते फलक घेऊन चाललो असतो तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, हे मला मान्य आहे. जनावरांमुळे लोक थांबतात. पण थांबून ते जनावरंच बघतात. "हे चावतं का?" "किती वर्षं जगतं?" "कुत्रा कुणाचा?" ढब्या कुणाचा, याचं उत्तर आमच्याकडेही नाही. तो वाटेत मागे लागला आणि आता सगळ्यांत पुढे चालतो.

मंगळवार, दुपार, सावलीत

ऊन उतरेपर्यंत चालायचं नाही. डांबरावर पालथा हात ठेवायचा. सात सेकंद धरवला नाही, तर ढब्याच्या पंजांनाही तो रस्ता सोसणार नाही. आज तीन सेकंदांतच हात उचलला.

तेवढ्यात ओझ्याविषयी लिहून ठेवते, कारण घरी गेल्यावर हे सगळं विसरायला होईल. काजळच्या पाठीवर एका बाजूला वीस लिटरचा पाण्याचा कॅन आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलो होतो. इथे ते पाठीला कळतं. एका बाजूला वीस किलो टाकले की दुसऱ्या बाजूलाही वीस किलो हवेत, नाहीतर खोगीर कलतं आणि काही तासांत पाठ सोलते. म्हणून दुसऱ्या बाजूला चारा, दोर, औषधांची पेटी, सगळं तोलून भरलेलं. भरलेल्या कॅनपेक्षा अर्धा कॅन वाईट. आतलं पाणी प्रत्येक पावलाला हिंदकळतं आणि ओझं एका लयीत राहत नाही. जनावराच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या वर ओझं नको, हा दादांचा नियम. त्यावर ते कुणाशीही भांडतात.

हा कॅन खरं म्हणजे पिण्यासाठी नाहीच. तो प्रतीक म्हणून घेतलाय, सीलबंद. माणशी रोज वीस लिटर, तेही किलोमीटरभराच्या आत आणि आणायला अर्ध्या तासाहून जास्त न लागणारं, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात अगदी किमान पातळी. यात पिणं आणि स्वयंपाक जेमतेम भागतो. अंघोळ, कपडे, स्वच्छता नीट व्हायची तर माणशी ५० ते १०० लिटर लागतात. पाणी हा मानवी हक्क आहे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी २८ जुलै २०१० रोजी केला. सकाळी एका शाळेत हे सगळं सांगितलं. मुलांनी ऐकल्यासारखं केलं. मग दादांनी कॅन उतरवून खाली ठेवला आणि म्हणाले, "चला, उचलून दाखवा." चौथी-पाचवीतली पोरं दोन हातांनी झोंबली. एकाने मांडीपर्यंत आणला, दोघींनी मिळून चार पावलं नेला. त्यानंतर मी म्हणाले, "जगभरात बायका आणि मुली मिळून पाणी आणण्यात रोज २० कोटी तास घालवतात, असा युनिसेफचा २०१६ सालचा अंदाज आहे." या वेळी वर्ग गप्प होता. माझ्या भाषणाचा यात काही वाटा नव्हता. हाताला रग लागली होती, म्हणून ते गप्प होते.

गुरुवार, रात्र. पाय दुखताहेत, तरी लिहायलाच हवं

मुक्कामाच्या अलीकडच्या टप्प्यावर पाणी मिळेल असं आयोजकांनी सांगितलं होतं. तिथे नळ होता. पाणी नव्हतं. आमच्या बाटल्यांत आमच्यापुरतं होतं. जनावरांचं सकाळचं संपलं होतं.

गाढवाची तहान ओळखणं अवघड असतं. वाळवंटातून आलेल्या वंशाचं हे जनावर शरीराच्या वजनाचा पाव हिस्सा पाणी गमावूनही उभं राहू शकतं आणि मिळालं की काही मिनिटांत ते भरून काढतं. माणूस एवढं पाणी गमावून जगणार नाही. पण याच चिवटपणामुळे त्याच्या तहानेकडे दुर्लक्ष होतं. ते ओरडत नाही, आडवं पडत नाही, फक्त चाऱ्यावरचं लक्ष उडतं. दादांनी ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली. ती परत बसायला जरा वेळ लागला. "कॅन फोडा," ते म्हणाले.

यावर थोडी चर्चा झाली, हे लिहितानाही मला कसंसंच वाटतंय. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हा कॅन सीलबंद राहून शेवटच्या कार्यक्रमात उघडायचा ठरलाय. दुसऱ्याला लगेच एकनाथ आठवले. कावडीतलं गंगाजल रामेश्वराला न नेता तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे नाथ मराठी माणसाला आठवणारच, आणि समोर खरोखरची गाढवं असल्यावर तर कुणाचाच इलाज नाही. वातावरण एकदम भक्तिमय झालं. एकाने व्हिडिओ सुरू केला. सील तोडलं, बादली विसळली, पाणी ओतलं, भुरीसमोर धरलं.

भुरीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

काजळने ओठ बुडवला, वरचा ओठ मुडपला आणि तीही बाजूला झाली. कितीतरी दिवस उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास त्या पाण्याला होता. गाढव पाण्याच्या बाबतीत कमालीचं चोखंदळ, हे मी वाचलं होतं. काठावर उभं राहील, तहानेने व्याकूळ होईल, पण वास आवडला नाही तर पिणार नाही. व्हिडिओ बंद झाला. ढब्याने मात्र लपलप करत पोटभर प्यायलं, त्याला असल्या भानगडी नसतात. उरलेलं आम्ही दोघींच्या मानेवर, पोटाखाली आणि पायांवर ओतलं. त्याने अंग तरी थंड झालं. मग दादा आणि मी बादल्या घेऊन पुढे निघालो आणि एका शेतावरच्या विहिरीवरून ताजं पाणी आणलं. दोघी एका दमात प्यायल्या, श्वास घ्यायलाही वर आल्या नाहीत.

इतकी वाट तुडवत आणलेला आमचा 'एका माणसाचा हक्क' तहानलेल्या जनावरालाही पिण्याच्या लायकीचा वाटला नाही. पाण्याची मोजणी आपण लिटरमध्ये करतो. भुरीने ती नाकाने केली. जगात कितीतरी लोकांच्या वाट्याला येणारं पाणी आकड्यात बसतं, पण पिववत नाही. आमच्या एकाही फलकावर याबद्दल एक शब्द नाही.

शुक्रवार, पहाटे

झोप लागली नाही. मुक्कामाच्या आवारातला नळ रात्रभर ठिबकत होता. टप… टप… घड्याळ लावून मोजलं, सेकंदाला एक. शेवटी उठले आणि खाली बादली ठेवली.

अंधारात दुसरं काय करणार, हिशेब केला. दिवसाचे सेकंद ८६,४००. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर एका दिवसाला २१ लिटरच्या वर. म्हणजे काजळच्या पाठीवरचा कॅन भरून थोडं उरेल. एका नळाचा एक झिजलेला वायसर आणि एका माणसाची किमान गरज यांचं माप सारखंच निघालं.

उजाडताना बादलीत सात-एक लिटर पाणी होतं. भुरीने हुंगलं आणि प्यायली. दादांनी पाना मागून आणला, वायसर बदलला. पाच मिनिटांचं काम. आवाराच्या राखणदाराने विचारलं, "एवढंच होतं होय?" तो नळ किती महिने गळत होता हे त्यालाही सांगता आलं नाही.

शनिवार, रात्र

दिवसभर डोक्यात उलटसुलट चाललंय. दात घासताना नळ बंद करा, बादलीने अंघोळ करा, हे सांगत आम्ही चाललोय. चुकीचं काहीच नाही त्यात. पण माणूस नद्या, तलाव आणि जमिनीखालून जेवढं गोडं पाणी उपसतो, त्यातलं जगभरात सुमारे ७० टक्के शेतीला जातं. घरगुती वापर त्याच्या कितीतरी खाली. शाळेतल्या पोरांना पेलाभर पाण्यात तोंड धुवायला शिकवायचं आणि कोणतं पीक कुठे घ्यायचं, ठिबक की पाट, याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी हे बोलून दाखवलं तर आयोजकांपैकी एक ताई म्हणाल्या, "अगं, पण शेतीचं धोरण गाढवाच्या पाठीवर मावत नाही." तेही खरं.

मात्र अंगावर मावतं ते तरी पाहावं. मोहिमेसाठी आम्हा सगळ्यांना घोषणा छापलेले नवे सुती टी-शर्ट मिळालेत. कापसापासून मोजलं तर असा एक शर्ट तयार व्हायला साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, हा अंदाज पाण्यावर काम करणारे लोक नेहमी देतात. काजळच्या कॅनमध्ये सांगायचं तर १३५ कॅन. मी माझा आज घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवला. जुना सदरा चालतोय.

आणखी एक. गाढवं घेऊन पाण्यासाठी चालणं ही आमची कल्पकता, असं परवा कुणीतरी कौतुकाने म्हणालं. इथिओपियात जगातली सर्वांत जास्त गाढवं आहेत, आणि तिथल्या कितीतरी घरांत रोजचं पाणी त्यांच्याच पाठीवरून येतं. आफ्रिकेत गाढवांची कातड्यासाठी इतकी कत्तल होऊ लागली (कातडं उकळून काढलेल्या सरसापासून चीनमध्ये औषध करतात) की फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने खंडभर त्यावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. घरातलं गाढव चोरीला गेलं की ते पाणी घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं, किंवा मुलीच्या, आणि मग तिची शाळा सुटते. आमच्या भुरीचा फोटो काढणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं. सांगते. काही ऐकतात, काही "इकडे बघ, इकडे बघ" म्हणत तिलाच हाका मारत राहतात.

रविवार, संध्याकाळ

समारोपावरून आज जुंपली. मंच असणार, ध्वनिक्षेपक असणार, पाहुणे गाढवांसोबत उभे राहणार, असा बेत होता. दादांनी एका वाक्यात निकाल लावला, "भोंग्याखाली जनावर उभं करणार नाही." थिजलेलं गाढव फोटोत शांत दिसतं. ते शांत नसतं. मी दादांच्या बाजूने बोलले. दोघी लांब झाडाखाली राहतील, ज्याला भेटायचं त्याने चालत तिकडे जायचं, असं ठरलं. पाहुण्यांना सावलीही मिळेल.

सीलबंद कॅन उघडण्याच्या सोहळ्याचं काय, हा प्रश्न निघालाच. एकाचं मत, नवा भरून सील करून घेऊ, कुणाला कळणार आहे? यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग ताईच म्हणाल्या, "नको. रिकामाच ठेवू. का रिकामा आहे ते सांगू." ते सांगायचं काम माझ्याकडे आलंय. आयोजकांनी दोन मिनिटं दिलीत. प्लॅस्टिकचा वास, भुरीचं तोंड फिरवणं, ढब्या, विहीर… दोन मिनिटांत बसवावं लागेल. एकनाथ गाळावे लागतील.

देणगीच्या पैशांचंही ठरलं. पाणपोई किंवा कमान वगैरे काही बांधायचं नाही. ज्या शाळांतून आलो तिथले गळके नळ, बंद पडलेले हातपंप आणि फुटलेल्या टाक्या यांच्या दुरुस्तीला ते जातील, आणि प्रत्येक शाळेत दोन मोठ्या मुलांना वायसर बदलायला शिकवायचं. दुरुस्तीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही, त्यामुळे एक-दोघांचे चेहरे पडले. काजळची पाठ आज दादांनी नीट तपासली. खोगिराच्या डाव्या कडेखाली केस विरळ झालेत, जखम नाही. उद्या तिच्यावर काही लादायचं नाही. चारा आणि औषधांची पेटी आम्ही वाटून घेतोय. फलक मी घेतलाय.