स्टालिननं नक्की किती माणसं मारली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी रशियन शिकलेय आणि सोव्हिएत इतिहासाचं वाचत असते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी विचारतंच, "किती मारले हो स्टालिननं? दोन कोटी ना?" आणि आमचे एक काका, जन्मभर लाल बावटा धरलेले, लगेच म्हणणार "सगळा अमेरिकन प्रपोगंडा". दोघांनाही एकच आकडा हवा असतो आणि तोच मला देता येत नाही, कारण आधी काय मोजायचं ते ठरवा ना, गोळी घातलेले, सक्तमजुरीच्या छावणीत गेलेले, की 1932-33 च्या दुष्काळात उपाशी मेलेले? (दुष्काळाचेच 50 लाखांच्या वर, आणि ते मारले की मरू दिले यावर अजून जुंपलेली आहे.)

मुळात कागदच कोणाला बघायला मिळत नव्हते. रॉबर्ट कॉन्क्वेस्ट या ब्रिटिश इतिहासकारानं 1968 मध्ये सुटून आलेल्यांच्या आठवणी वगैरे जोडून अंदाज केला, 1938 अखेर छावण्यांत 80 लाखांच्या आसपास लोक. मग ऐंशीच्या दशकात शीला फिट्झपॅट्रिक, आर्च गेटी ही इतिहासकार मंडळी म्हणायला लागली की सगळं एकट्या स्टालिनवर ढकलू नका, खाली जिल्ह्या-जिल्ह्यात काय चाललं होतं तेही बघा, त्यावर जुने इतिहासकार असे खवळले की 1986-87 चे 'रशियन रिव्ह्यू' या अभ्यासपत्रिकेचे अंक वाचताना आपल्याकडच्या साहित्य संमेलनाची आठवण येते. गेटीनं 1985 मध्ये गोळी घातलेल्यांबद्दल 'हजारो' एवढंच लिहिलं होतं.

मग 1989 पासून कागद बाहेर आले. व्हिक्टर झेमस्कोव्ह या रशियन इतिहासकारानं छावण्यांची रजिस्टरं काढली, 1 जानेवारी 1939 ला कैदी साधारण 16 लाख 70 हजार. कुठे 80 लाख! काका खूश. पण त्याच दफ्तरात 1937-38 या दोन वर्षांतल्या मृत्युदंडाचा आकडा होता, 6,81,692. म्हणजे 'हजारो' पण गेलं. गेटीचं मला कौतुक वाटतं, हा आकडा 1993 मध्ये त्यानंच झेमस्कोव्हबरोबर अमेरिकेत छापला.

मला स्वतःला मात्र या बेरजांपेक्षा जुलै 1937 चा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा हुकूम नंबर 00447 जास्त छळतो. त्यात चक्क तक्ता आहे. प्रांताचं नाव, पहिली कॅटेगरी म्हणजे गोळी, दुसरी म्हणजे 8 ते 10 वर्षं छावणी. मॉस्को प्रांत: 5,000 आणि 30,000. माणसं अजून पकडायची होती, आकडे आधी ठरले होते! पहिल्या कॅटेगरीचा एकूण कोटा 75,950, मग प्रांतांतून 'लिमिट वाढवून द्या' अशी मागणी यायला लागली आणि शेवटी या एका हुकमाखाली पावणेचार लाखांच्या वर लोकांना गोळी घातली.

मागच्या लग्नात काकांना हा तक्ता फोनवर दाखवला. बराच वेळ बघत होते, मग हळूच म्हणाले, "अगं, आपले क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे भाऊ, ते लेनिनग्राडला होते ना? ते यातच का?"

म्हटलं नाही काका, ते वेगळ्या यादीत. 31 ऑगस्टला सह्या झाल्या, त्यात स्टालिनची पण आहे, आणि 2 सप्टेंबरला गोळी.