इतर हक्कांचा रकाना

वीस वर्षं अमळनेरच्या कोर्टासमोर बसून खरेदीखतं लिहितोय. शेतं, प्लॉट, घरं, एखाद वेळी जुना ट्रॅक्टर. कबड्डीचा संघ विकायचा कागद मात्र गेल्या वैशाखात पहिल्यांदाच माझ्या टेबलावर आला.

सखाराम महाराजांची यात्रा आठ दिवसांवर होती. यात्रा आटोपली की लीग सुरू व्हायची, सामने रात्री, दिव्यांच्या उजेडात. संघाचे मालक माझे जुने पक्षकार, जिनिंगवाले शेठ. कापसात हात पोळले होते म्हणून संघ काढून टाकायचा होता. घेणारे शेजारच्या तालुक्यातले एक बिल्डर. नावं कोणाचीच लिहीत नाही.

सकाळी शेठचा मुनीम पाचशेचा मुद्रांक आणि कच्चा मसुदा ठेवून गेला. परिशिष्ट 'अ' मध्ये काय काय विकायचं ते लिहिलं होतं: मॅट 1 संच, जर्सी 24, नी-कॅप 14 जोड, संघाचं नाव व चिन्ह, खेळाडू 12.

शेवटची ओळ वाचून मी पेन खाली ठेवलं. मुनीम वाईट माणूस नाही. त्याने गोदामाची यादी करावी तशी यादी केली होती.

तासाभरात ते बाराच्या बारा जण दारात उभे. माझ्या ऑफिसात खुर्च्या चार. बाकीचे भिंतीला टेकले, दोघं जिन्यात बसले. कर्णधार चोपड्याकडचा, दिवसा केळीच्या गाड्या भरतो. त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, कितीही धुतले तरी न जाणारे. त्याने शंभर पानी वही माझ्यासमोर ठेवली.

"आमले कोनी ईचारं नही, भाऊ," एवढंच म्हणाला.

वहीत मागच्या हंगामाचा हिशेब होता. यांच्यातले पाच जण तेव्हा दुसऱ्या एका स्पर्धेत याच बिल्डरच्या संघातून खेळले होते. प्रत्येकाच्या नावापुढे एकच आकडा: कबूल 15,000, मिळाले 6,000, बाकी 9,000. खाली बेरीज, 45,000. एका नावापुढे समासात लिहिलं होतं, 'गुडघा, ऑपरेशन घरच्या पैशातून'. तो मुलगा जिन्यात बसला होता, एक पाय लांब सोडून.

मी विकणाऱ्याचा वकील. तुमचं वकीलपत्र मला घेता येणार नाही, हे त्यांना सांगणं भाग होतं आणि ते मला जड गेलं. पण वही मी शेवटपर्यंत वाचली.

वाचताना सारखं मनात येत होतं की अर्धा एकर कोरडवाहू विकायची असली तरी आम्ही किती बघतो. सातबारा काढतो, इतर हक्कांचा रकाना तपासतो. कूळ असेल तर त्याला डावलून व्यवहार पुढे सरकत नाही. विहिरीत चुलतभावाचा हिस्सा असेल तर तो लिहावा लागतो. पेपरात जाहीर नोटीस देतो: कोणाची हरकत असल्यास 15 दिवसांच्या आत लेखी पुराव्यानिशी कळवावी. दगडमातीच्या तुकड्यासाठी एवढी विचारणा होते. आणि इथे बारा जिवंत माणसं एका मालकाकडून दुसऱ्याकडे चालली होती, त्यांच्यासाठी असा रकानाच नव्हता.

दुपारी शेठ आणि बिल्डर आले. मी शेठना बाजूला घेऊन वही दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांच्यासमोरच बोला, वकीलसाहेब."

बिल्डरने आकडा नाकारला नाही. संघ तोट्यात गेला, प्रायोजक पळाला, म्हणून पैसे राहिले असं म्हणाला. मग आवाज चढला. "पैसा माझा, जोखीम माझी. उद्या मालक कोण ते पोरं ठरवणार का?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पैसेवाला माणूस आला नाही तर लीग होत नाही, आणि लीग झाली नाही तर या पोरांना ते 15,000 सुद्धा कोणी कबूल करत नाही. पण जिथे खेळाडूंच्या संघटना भक्कम आहेत तिथे काय होतं ते मी वाचलेलं होतं, ते सांगितलं. अमेरिकेत 2009 मध्ये रेडिओवरचा प्रसिद्ध वक्ता रश लिम्बॉ हा सेंट लुईस रॅम्स हा फुटबॉल संघ घेऊ पाहणाऱ्या गटात होता. कृष्णवर्णीय खेळाडूंविषयीच्या त्याच्या जुन्या बोलण्यावरून खेळाडू संघटनेचे प्रमुख डीमॉरिस स्मिथ यांनी उघड विरोध केला. त्याच महिन्यात गटाने लिम्बॉला वगळलं. 2014 मध्ये लॉस एंजलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांचं वर्णद्वेषी बोलणं बाहेर आलं, तेव्हा खेळाडूंनी सरावाचे शर्ट उलटे घातले, संघाचं नाव दिसू नये म्हणून. काही दिवसांतच स्टर्लिंगवर आजन्म बंदी आणि 25 लाख डॉलर दंड. पुढे तो संघ 2 अब्ज डॉलरला विकला गेला. दोन्ही ठिकाणी मालक कोण असावा यावर खेळाडूंना मत नव्हतं, मतदानाचा हक्क मालकांचाच. खेळाडूंना फक्त हरकत घेता आली, आणि हरकत घेणारी संघटना मोठी असल्यामुळे ती ऐकावी लागली.

आपल्याकडे ती सोय नाही. क्रिकेटपटूंची संघटना 2019 मध्ये झाली, ती निवृत्तांची. आयपीएलचा कोची संघ 2011 चा एकच हंगाम खेळून बंद झाला. दहा वर्षांनी, 2021 मध्ये, त्या संघातला ऑस्ट्रेलियन खेळाडू ब्रॅड हॉज जाहीरपणे विचारत होता की खेळाडूंचे 35 टक्के पैसे अजून का मिळाले नाहीत. कसोटी खेळलेल्या माणसाची ही गत, तर केळी भरणाऱ्या पोराने कोणाकडे जायचं?

लिम्बॉच्या गोष्टीत मला एक खटकतंही. तिथे आक्षेप बोलण्यावर होता. आपल्याकडे हाच हक्क उद्या कोणी नव्या मालकाची जात बघून वापरेल, कोणी पक्ष बघून. खानदेशातलं राजकारण मी बघतोय, ही भीती पोकळ नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हरकत वागणुकीवर असावी आणि पुराव्यानिशी असावी: थकलेले पैसे, न भरलेलं दवाखान्याचं बिल, मोडलेला करार. अशी हरकत आली की ती मिटेपर्यंत सौदा थांबायला हवा. हे मी त्या दुपारी दोघांनाही सांगितलं आणि आजही तेच सांगेन. जमिनीला लागू असलेला नियम माणसाला लागू व्हायला काय अडचण आहे?

बिल्डर रागाने बाहेर गेला, फोनवर बोलून परत आला. शेठनी मसुद्यात कलम घालायला सांगितलं: जुनी बाकी चुकती झाल्याशिवाय ताबा नाही, आणि खेळाडू यादीत नाहीत, संमतीपत्रावर येतील.

बिल्डरने तिथेच तीन धनादेश लिहिले, 9,000 चे. उरलेले दोघं मागच्या हंगामात अर्ध्यातून निघून गेले होते, त्यांचं देणं लागत नाही यावर तो अडून बसला. त्या दोघांत गुडघ्याचा मुलगा होता. अर्ध्यातून तो खेळता येईना म्हणून गेला होता. मी भांडलो, शेठही बोलले, पण त्यापुढे ते गेलं नाही. शेठना पैशांची घाई होती आणि ते माझे पक्षकार होते. कलमात 'तीन खेळाडूंची बाकी' असा बदल मी माझ्याच हाताने केला.

संमतीपत्रावर नऊ सह्या झाल्या. कर्णधाराचा धनादेश निघाला होता, तरी त्याने सही केली नाही. त्या दोघांना घेऊन तो उठला. दारापाशी थांबून वही परत माझ्याकडे दिली.

"भाऊ, हाई वहीनी झेरॉक्स तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या."

समोरच्या दुकानातून मीच झेरॉक्स काढून आणली. करारनाम्याच्या माझ्या प्रतीला, परिशिष्ट 'अ' च्या मागे, ती टाचून ठेवली आहे.