परत फॉरमॅट मारायच्या आधी

रबाळे, महापे, तुर्भे आणि इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, माझं सर्व्हर-नेटवर्कचं काम बहुतेक याच पट्ट्यात असतं, आणि इथे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "परत टाकून बघू". सर्व्हरवर ओएस (विंडोज, लिनक्स अशी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकली, नेटवर्क चालेना, परत टाकू. बूट होईना, परत टाकू. मला या वाक्याचा खरंच त्रास होतो आणि आज त्यावरच लिहितोय, कारण परत टाकलं की जे बिघडलं होतं त्याचा पुरावाच पुसला जातो, आणि समजा दुसऱ्या वेळेला चाललंच तरी का चाललं ते कुणालाच माहीत नसतं, मग सहा महिन्यांनी तेच दुखणं परत वर येतं.

मोठ्या डेटा सेंटरची गोष्ट वेगळी, ऐरोली-महापेला ती भरपूर आहेत, तिथे माणसं, स्पेअर मशीन, सगळं हाताशी असतं. मी बोलतोय ते एमआयडीसीतल्या गाळ्यांबद्दल. छोटं वर्कशॉप, ऑफिसच्या कोपऱ्यात एक रॅक, त्यात एक टॉवर सर्व्हर आडवा घातलेला, त्यावर टॅली आणि ड्रॉइंगच्या फायली. तो बसला की बिल निघत नाही आणि बिल नाही म्हणून भरलेला टेम्पो गेटवर उभा. अशा ठिकाणी सर्व्हर लावणाऱ्या पोरांवर केवढं प्रेशर असतं ते मी रोज बघतो, त्यामुळे त्यांना दोष द्यायचा नाहीये. पण दहा मिनिटं थांबून बघितलं तर तीन तास वाचतात, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आधी इन्स्टॉलचं बोलू. पेनड्राईव्ह लावून बूट मेनू उघडला की एकच पेनड्राईव्ह बऱ्याच मशीनवर दोनदा दिसतो, एकदा नुसतं नाव आणि एकदा नावाच्या मागे-पुढे यूईएफआय (मशीन उठवायची नवी पद्धत, जुनीला लेगसी म्हणतात) लिहिलेलं. घाईत जो वर दिसतो तो दाबला जातो. यातला साधा वाला दाबला तर इन्स्टॉलर लेगसी मोडमधे उठतो आणि ओएस पण लेगसी पद्धतीने टाकतो, इन्स्टॉल छान पूर्ण होतं, रीस्टार्ट केलं की "नो बूटेबल डिव्हाईस", कारण बायोसमधे, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधे, डिस्कवरून उठायची परवानगी फक्त यूईएफआयला आहे. यात ओएसचा काहीच दोष नाही आणि त्याच एंट्रीवरून परत टाकून पण तेच होणार. लिनक्स इन्स्टॉलरमधे शेल उघडून सिस फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरमधे ईएफआय नावाचा फोल्डर आहे का बघायचं, असेल तर यूईएफआयमधे उठलाय, नसेल तर लेगसीमधे. एवढंच. आणि डिस्क २ टीबीपेक्षा मोठी असेल तर लेगसीच्या नादाला लागूच नका, एमबीआर या जुन्या पार्टिशन टेबलला (डिस्कच्या भागांची यादी) त्याच्या पुढची जागा दिसतच नाही, जीपीटी हे नवं टेबल आणि यूईएफआय घ्या.

दुसरं, डिस्कच दिसत नाही. विंडोज सर्व्हर टाकताना ड्राईव्हची यादी रिकामी येते, पोरं म्हणतात डिस्क गेली. अहो, डिस्क बरी आहे, मधे रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) बसलंय आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नाही, "लोड ड्रायव्हर"वर जाऊन दुसऱ्या पेनड्राईव्हवरून तो द्यायचा. किंवा कार्डाच्या स्वतःच्या मेनूत अजून व्हर्च्युअल डिस्कच (सगळ्या मिळून एक दिसणारी डिस्क) बनवलेली नाही, कोऱ्या डिस्क नुसत्या खोचल्यात, अशा वेळी बरीच कार्डं पुढे काहीच दाखवत नाहीत. मदरबोर्डवरचं रेड असेल तर बायोसमधे मोड एएचसीआय (रेडशिवायचा साधा मोड) केला की लिनक्सला डिस्क दिसायला लागते, फक्त त्या मशीनवर आधीचं विंडोज जपायचं असेल तर हे बटण विचार करून दाबा, नंतर ते विंडोज उठत नाही अशी वेळ येते.

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट, इन्स्टॉलरने सुचवलेलं एलव्हीएमचं (डिस्कची जागा नंतर वाढवता येईल अशी वाटणी) लेआऊट तसंच ओके केलं तर मोठ्या डिस्कवर सुद्धा रूट पार्टिशनला फक्त १०० जीबी मिळतात, बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रुपमधे, म्हणजे सामायिक साठ्यात, न वाटता पडून राहते. काही महिन्यांनी डिस्क फुल म्हणून फोन येतो. एलव्हीएक्स्टेंड आणि रीसाईझटूएफएस या कमांड मारल्या की चालत्या मशीनवर जागा वाढते. नवीन डिस्क आणायची नाही, फॉरमॅट तर नाहीच नाही.

आता मूळ दुखणं, नेटवर्क. रबाळ्याच्या एका गाळ्यातली गोष्ट सांगतो. डेबियन (हा पण लिनक्सचाच प्रकार) टाकायचा प्रयत्न चाललेला, इन्स्टॉलर नेटवर्कच्या पायरीला आला की डीएचसीपी (राऊटरकडून आपोआप आयपी मिळणं) फेल. रीट्राय दाबलं की कधी मिळायचं कधी नाही. मी पोचेपर्यंत केबल बदलून झालेली, पेनड्राईव्ह नव्याने बनवून झालेला, दोनदा इन्स्टॉल अर्ध्यावर सोडून झालेलं, आणि तिथला पोरगा मला म्हणाला, "दादा, लॅनकार्डच गेलंय, कारण याच केबलला माझा लॅपटॉप लावला की नेट येतं." बरोबर निरीक्षण होतं त्याचं, आणि त्यातच उत्तर होतं.

मी त्याला म्हटलं केबल काढ, परत लाव, आणि स्क्रीनकडे बघू नको, स्विचकडे (सगळ्या लॅन केबल जिथे लागतात तो डबा) बघ. केबल लावल्या लावल्या पोर्टचा दिवा नारंगी झाला. नारंगीच राहिला. आम्ही दोघं उकिडवे बसून त्या दिव्याकडे बघतोय, मागे लेथ चालू, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने तो हिरवा झाला. स्विच जुना मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) होता, शेठनी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला, चांगला दणकट. त्यावर स्पॅनिंग ट्री चालू होतं. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्टवर काहीतरी लागलं की स्विच १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग करतो, नेटवर्कमधे लूप तर होत नाही ना याची खात्री करत, आणि तोपर्यंत त्या पोर्टवरून डेटा जाऊ देत नाही. इन्स्टॉलर तेवढ्यात डीएचसीपी मागून मागून थकतो आणि फेल म्हणतो. लॅपटॉपला पण तेवढाच वेळ लागतो पण तो मागे गुपचूप मागत राहतो, अर्ध्या मिनिटाने त्याला आयपी मिळतो आणि आपल्याला वाटतं लगेच मिळाला. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट बघणं वगळणारं सेटिंग) लावलं, काही कंपन्यांच्या स्विचमधे याला एज पोर्ट म्हणतात, दिवा लगेच हिरवा आणि डीएचसीपी पहिल्या झटक्यात. हे फक्त ज्या पोर्टला पीसी किंवा सर्व्हर आहे तिथेच करायचं, दुसरा स्विच लागलेल्या पोर्टवर केलंत आणि कुणी चुकून लूप केला तर अख्खं ऑफिस बसेल.

त्या पोराचं मला आवडलं ते हे की त्याने लॅपटॉप लावून बघितला होता. फक्त त्याच्यावरून निष्कर्ष घाईत काढला. दोन यंत्रं एकाच केबलवर वेगळी वागतायत ना, मग दोघांत फरक काय ते शोधायचं.

म्हणून मी जिथे जातो तिथे खालून वर जातो. आधी लिंक, म्हणजे दिवा आणि एथटूल (लिंक तपासायची लिनक्सची कमांड), स्पीड १००० दाखवतंय की १०० वर आलंय, १०० असेल तर बहुतेक वेळा क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) खराब असतं, गिगाबिटला आठही वायरी लागतात आणि १०० ला चारच पुरतात म्हणून अर्धवट केबल सुद्धा "चालते". मग आयपी. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर डीएचसीपी मिळालंच नाहीये, पुढे डीएनएस (साईटच्या नावावरून आयपी शोधणं) वगैरे बघण्यात अर्थ नाही. मग गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राऊटर), मग बाहेरचा एखादा आयपी, मग नाव, म्हणजे डीएनएस, आणि सगळ्यात शेवटी सर्व्हिसचा पोर्ट आणि फायरवॉल. पोरं नेमकी उलटी जातात, ब्राउझर उघडत नाही म्हणून सुरुवातच फायरवॉल बंद करण्यापासून, आणि मग तो बंदच राहतो, त्याची मला जास्त भीती वाटते.

स्टॅटिक (कायमचा ठरवलेला) आयपी देताना उबुंटूत नेटप्लॅनची (नेटवर्क सेटिंगची) यामल फाईल असते आणि तिथे स्पेसला किंमत आहे, टॅब दाबला की एरर. गेटवे४ लिहायची जुनी पद्धत आता डेप्रिकेटेड (मोडीत काढलेली) आहे, राऊट्स लिहून त्यात डीफॉल्ट व्हाया द्यायचं, नेटवरचे जुने लेख अजून जुनंच शिकवतात. आणि लांबून एसएसएचवर बसून हे करत असाल तर "अप्लाय" ऐवजी "नेटप्लॅन ट्राय" मारा, तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबून कन्फर्म केलं नाही तर तो स्वतःहून जुन्या सेटिंगवर जातो. ठाण्यात घरी बसून तुर्भ्याचा सर्व्हर हातातून गेला तर ट्रान्सहार्बर पकडून जावं लागतं, त्यापेक्षा दोन मिनिटं थांबणं परवडतं. फाईल नीट लिहूनही रीबूटनंतर बदल गायब होत असतील तर क्लाउड-इनिटकडे (उठताना सेटिंग आपोआप लिहिणारा प्रोग्रॅम) बघा, त्याने बनवलेल्या फाईलच्या वरच्या कमेंटमधेच बऱ्याचदा लिहिलेलं असतं की इथले बदल टिकणार नाहीत आणि नेटवर्कचा भाग बंद कसा करायचा. वाचत कोणी नाही.

मशीन उठताना नेटवर्कची वाट बघत दोन मिनिटं अडकते ती पण अशीच गोष्ट. सर्व्हरला चार लॅन पोर्ट, केबल एकालाच, आणि कन्फिगमधे बाकीचे पण लिहिलेत, सिस्टिम त्यांची वाट बघते. रिकाम्या पोर्टला ऑप्शनल ट्रू करा, सुटलं.

डुप्लिकेट आयपीने, म्हणजे एकच आयपी दोन यंत्रांना असण्याने, मात्र चांगल्या चांगल्यांचा घाम काढलाय. सर्व्हर मधेच दिसतो, मधेच नाही, शेअर फोल्डर सुटतो, पाच मिनिटांत परत येतो. लोक म्हणतात ओएस करप्ट झाली. वागळेला एका ऑफिसात सर्व्हरचा केबल काढून दुसऱ्या पीसीवरून सर्व्हरच्याच आयपीला आर्पिंग (हा आयपी कोणाचा असं नेटवर्कवर विचारणारी कमांड) मारलं, आणि सर्व्हर नेटवर्कवर नसताना उत्तर आलं! मॅक अॅड्रेस वेगळाच. म्हणजे यंत्र दुसरंच. शोधत शोधत गेलो तर हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, गेटजवळच्या भिंतीवर, नुकतंच बसवलेलं, बसवणाऱ्याने पिंग करून "रिकामा" वाटला तो आयपी देऊन टाकला, विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नसेल तर वापरातला आयपी पण रिकामाच वाटतो. सीसीटीव्हीचे डीव्हीआर पण यातलेच. राऊटरचा डीएचसीपी पूल (आपोआप वाटायचे आयपी) शेवटच्या आकड्यात १०० पासून वर ठेवा, सर्व्हर, प्रिंटर, डीव्हीआर, बायोमेट्रिक सगळे १०० च्या खाली, आणि यादी कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.

अजून एक, एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त साईझ. पिंग जातोय, डीएनएस चालतंय, काही साईट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, अपडेट मधेच लटकतं. इथे बऱ्याच लोकल ब्रॉडबँडला पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) असतं, त्याचे ८ बाइट मधे जातात म्हणून १५०० चं १४९२ होतं, आणि वाटेतला कोणी आयसीएमपी (नेटवर्कमधले अडचण कळवणारे निरोप) अडवत असेल तर मोठं पॅकेट कुठे गळालं ते सर्व्हरला कळतच नाही. फ्रॅगमेंट करू नको असं सांगून १४७२ साईझचा पिंग मारायचा, तो गेला नाही आणि १४६४ चा गेला तर सापडलं, कारण हेडरचे २८ मिळवले की बरोबर १४९२. राऊटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट आपोआप लहान ठेवणारं सेटिंग) चालू करा, सर्व्हरला हात लावायची गरज नाही. साधा पिंग शंभर बाइटच्याही आतला असतो, तो कुठूनही निसटतो, त्यामुळे "पिंग जातोय म्हणजे लाईन ओके" हे म्हणणं सोडा.

आणि घड्याळ बघा. महिनोन्महिने बंद पडलेलं मशीन बाहेर काढलं की बोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरलेला असतो, तारीख कुठल्या कुठे, मग सर्टिफिकेट एरर येतात, रिलीज फाईल अजून वैध नाही म्हणून एपीटी (उबुंटू-डेबियनचं सॉफ्टवेअर टाकायचं टूल) अडतं, आणि सगळे नेटवर्कच्या मागे लागतात. छोटा सेल आहे, बदलून टाका.

राहिला पुराव्याचा मुद्दा. इन्स्टॉल अडकलं तर मशीन तसंच सोडा. डेबियनच्या इन्स्टॉलरमधे ऑल्ट आणि एफ४ दाबलं की लॉग दिसतो, एफ२ वर शेल मिळतो, उबुंटूमधे हेल्प मेनूतून शेल उघडतो. इन्स्टॉल पूर्ण झालं असेल तर व्हार लॉगमधे इन्स्टॉलर नावाचा फोल्डर असतो. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढताना शेवटची लाल ओळ तेवढी नको, वरच्या वीस-पंचवीस ओळी पण येऊ द्या, खरं कारण बहुतेक तिथेच असतं, शेवटची ओळ फक्त परिणाम सांगते. माझ्याबरोबरच्या पोरांना मी सांगून ठेवलंय, फोन कधीही करा, रात्री अकराला करा, पण आधी मला तो फोटो, "आयपी ए" आणि "आयपी आर" या कमांडचं आऊटपुट, आणि स्विचवरच्या दिव्याचा रंग पाठवा.