खुनाच्या तपासात उडती तबकडी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर नव्या सीझनला विचारता म्हणून, एकदाचं लिहून टाकते. प्रश्न ठरलेला: मालिकेत खुनाचा तपास चांगला चाललेला असताना मध्येच भुतं, काळप्रवास, तबकड्या कशाला घुसडतात? ही प्रेक्षकाची फसवणूक नाही का?

बहुतेक वेळा नाही. खुनी कोण हे कोडं घातलं, सुगावे दाखवले आणि उत्तर मात्र त्या सुगाव्यांबाहेरून आणलं, तर ती फसवणूक. मग ते उत्तर भूत असो की शेवटच्या भागात उपटलेला जुळा भाऊ. जुळ्या भावाबद्दल कुणी मला विचारत नाही, ही गंमतच.

'फार्गो' या अमेरिकी गुन्हेगारी मालिकेचा दुसरा सीझन (२०१५) घेऊ, शिव्या त्यालाच जास्त पडतात. नवव्या भागात मोटेलवर गोळीबार चाललाय. गुन्हेगारी घराण्यातल्या धिप्पाड बेअर गेरहार्टनं पोलीस असलेल्या लूचा गळा आवळलाय. इतक्यात डोक्यावर तबकडी येते, लख्ख उजेड पडतो, बेअर वर बघतो, लू पिस्तूल गाठतो आणि बेअर संपतो. कुणी आ वासून बसत नाही. नवऱ्यासोबत तिथे अडकलेली पेगी त्याला म्हणते, तबकडीच तर आहे, चल.

'आयत्या वेळी आणली' म्हणणाऱ्यांनी पहिला भाग पुन्हा बघावा. बेअरचा भाऊ राय हॉटेलात तिघांना गोळ्या घालतो, बाहेर आकाशातले दिवे बघत रस्त्यात थबकतो आणि पेगीची गाडी त्याला उडवते. सीझनभराचा रक्तपात तिथून सुरू होतो. दोन्ही भावांचा घात वर बघण्यानंच होतो. पेरणी याहून उघड काय करायची? शिवाय खुनी कोण हे आपल्याला पहिल्या भागापासून ठाऊक आहे. कोडंच नाही, तर तबकडीनं उत्तर चोरलं कुठून?

बरं, लूला वाचवलं तबकडीनं, हे मात्र नाकारता येत नाही. पूर्वी मी याला लेखकानं हात टेकणं म्हणायचे. आज तसं म्हणत नाही, पण ते वाक्य खोडूनही टाकवत नाही.

'ट्रू डिटेक्टिव्ह'चा पहिला सीझन (२०१४) उलट वाटेनं जातो. पिवळा राजा, कार्कोसा नगरी वगैरे जुन्या भयकथांतल्या नावांमुळे लोक राक्षसाची वाट बघत बसले. खुन्याचा माग लागला तो एका घराच्या हिरव्या रंगावरून (रंगवणाऱ्याच्या कानांनाही तो लागला असणार), आणि हिरव्या कानांच्या राक्षसानं पाठलाग केल्याची एका मुलीची तक्रार आधीच फायलीत होती. भयकथेनं फक्त हवा तापवली, पुराव्याला हात लावला नाही.

'डार्क' या जर्मन मालिकेत (२०१७) काळप्रवास हाच पुरावा. तिथे नियम आधी सांगावा लागतो आणि पाळावा लागतो: ३३ वर्षांचं चक्र, म्हणजे तेवढी वर्षं मागे किंवा पुढे. हरवलेला मुलगा कुठे गेला, याऐवजी कुठल्या साली गेला, असा तपास होतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मात्र एकदम दुसरं जगच उघडतं. त्याचीही पेरणी आधीपासून होती म्हणणारे आहेत. मला पटण्याइतकी ती अजून सापडलेली नाही.