गुन्हा दाखल झाला असेल, तर आधी कागद मागा

नाशिकमध्ये फौजदारी बाजूने वकिली करताना एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला की नातेवाईक आधी ओळखीचा नगरसेवक शोधतात, मग पोलीस ठाण्यात कुणाशी बोलता येईल का ते पाहतात, आणि वकिलाकडे पोहोचतात तेव्हा बहुधा पहिला रिमांड, म्हणजे कोठडीचा पहिला आदेश, होऊन गेलेला असतो. त्या धावपळीत जे कागद मागायला हवे होते ते कुणी मागितलेलेच नसतात. आरोपीचा बचाव या पहिल्या कागदांवर उभा राहतो, हे माझे ठाम मत आहे आणि त्यासाठीच हे लिहीत आहे.

पहिला कागद एफआयआरचा. तो फिर्यादीला विनामूल्य मिळतो, आणि आरोपीलाही दोषारोपपत्राची (तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात दाखल करतात त्या आरोपांच्या कागदपत्रांची) वाट न पाहता त्याची प्रत मागता येते; सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तसा स्पष्ट आदेश दिला असून, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकावा लागतो. तो हाती आला की आधी घटनेची तारीख पाहावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, परंतु त्याआधी घडलेल्या घटनेला जुनीच कलमे लागतात. लोकांच्या तोंडी बसलेले चारशे वीस आता कलम ३१८ मध्ये आहे आणि तीनशे दोन कलम १०३ मध्ये. त्यानंतर प्रत्येक कलमासंबंधी तीन प्रश्न विचारावेत: गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आहे का, जामीनपात्र आहे का, आणि जास्तीत जास्त शिक्षा किती? जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, आणि तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. भांडणात नुसत्या हाताने मारल्याचा आरोप आणि धारदार वस्तूने मारल्याचा आरोप यांत फिर्यादीतल्या एका वाक्याचे अंतर असते, पण त्या वाक्याने कलम बदलते, शिक्षेची मर्यादा वाढते आणि अटकेचा प्रश्नही उभा राहतो. म्हणून फिर्याद शब्दशः वाचणे आवश्यक आहे.

गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक होणारच, ही समजूत चुकीची आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक आहे, याची कारणे पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले आहे. अटकेची गरज नसेल तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. ती घेऊन तपासाला सहकार्य करणाऱ्या व्यक्तीला एरवी अटक करता येत नाही. मात्र नोटीस मिळूनही गैरहजर राहिल्यास अटकेचे कारण आपणच पुरवतो. ही नोटीस केवळ व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असेही न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचे सांगत असेल, तर फोन ठेवून द्यावा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, कारण अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

प्रत्यक्ष अटक झालीच, तर अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला. तत्काळ देणे शक्य नसेल, तर दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती दिली पाहिजेत. अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणे, वैद्यकीय तपासणी करून अहवालाची प्रत देणे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणे, ही सारी पोलिसांवरील कायदेशीर बंधने आहेत. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, जरी तो संपूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला तरी. स्वतःला गुन्ह्यात अडकवेल अशा प्रश्नाचे उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. मात्र त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग वापरता येतो. जप्तीच्या पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, असा आग्रह मी याच कारणासाठी धरते.

न्यायालयात हजर केल्यावर दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ बहुतेक जण भीतीने मान हलवून नाही म्हणतात. मारहाण झाली असेल, तर ती सांगण्याची सर्वांत सुरक्षित जागा तीच आहे. त्या वेळी न सांगितलेली गोष्ट पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

जामिनाबाबत एकच गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती हुकल्याचे नुकसान मोठे असते. आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत, आणि दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हक्काने मिळतो. परंतु त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्जापूर्वी दोषारोपपत्र आले तर तो हक्क संपतो. त्यामुळे पहिल्या रिमांडची तारीख घरातल्या कुणीतरी लिहून ठेवावी.

दोषारोपपत्राची प्रत मिळाल्यावर बचावाची दिशा ठरते. कागदांवरून गुन्हाच दिसत नसेल, तर आरोप निश्चित होण्याआधी, ६० दिवसांच्या आत, दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवता आरोपातून सोडण्याचा, अर्ज करता येतो. गुन्हा मुळातच रद्द व्हावा असे वाटत असेल, तर मुंबईला उच्च न्यायालयात जावे लागते. काही गुन्हे फिर्यादीशी तडजोड करून मिटतात, आणि शेजाऱ्यांच्या किंवा भाऊबंदकीच्या वादांत हा मार्ग मला नेहमी विचार करण्याजोगा वाटतो. उरलेली प्रकरणे साक्षी आणि उलटतपासणीवर चालतात. तेथे संशयापलीकडे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते.

या सगळ्यांत मला सर्वाधिक काळजी वाटते ती ‘कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ या सल्ल्याची. तारखांना कंटाळलेला, अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातली पाळी बुडवून येणारा तरुण हा सल्ला लगेच मानतो. दंड किरकोळ असतो, पण गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धी, आणि ती नोंद राहते. उद्या त्याने नोट प्रेसमध्ये, एचएएलमध्ये किंवा पोलीस भरतीत अर्ज केला, तर चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. कधी कबुली हाच शहाणपणाचा निर्णय असतो. सात वर्षांपर्यंतच्या काही गुन्ह्यांत, आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करून, शिक्षेबाबत वाटाघाट करण्याची कायदेशीर तरतूदही आहे. परंतु तो निर्णय दोषारोपपत्र वाचून आणि परिणाम समजून घेऊन झाला पाहिजे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी एकटे पडण्याचे कारण नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, दिव्यांग, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते. जाताना एफआयआर आणि अटकेच्या कारणांचा कागद न्यावा; तो नसेल तर पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि अटकेची तारीख एवढ्यावरही काम सुरू होते.