दोर्दोन्यच्या दगडी घरात मुक्काम

फ्रान्सच्या नैऋत्येला, बोर्दो शहराच्या पूर्वेला दोर्दोन्य हा जिल्हा आहे. या भागाचं जुनं नाव पेरिगोर, आणि तिथली माणसं अजून तेच वापरतात. तिथल्या सँ-सिप्रियँ या उतारावर वसलेल्या गावात एक जुनं दगडी घर भाड्याने घेऊन आम्ही जूनमध्ये राहिलो: आम्ही दोघं, सासूबाई, आणि लंडनहून आलेली नणंद, नंदोई व त्यांची मुलं. घरातल्या तीन पिढ्या एकत्र निघणार असतील, तर रोज बॅगा भरून नवं हॉटेल गाठण्यापेक्षा एकाच गावात आठवडाभर राहावं, हे माझं आता पक्कं मत आहे. फक्त घर नीट पारखून घ्यायला हवं.

अशा घरांना तिकडे ‘झीत’ म्हणतात. झीत द फ्रान्स ही संस्था १९५५ पासून या क्षेत्रात आहे आणि घरांना ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्या देते, एक ते पाच. ओंब्या पाहाव्यात, पण त्याआधी नकाशा पाहावा. शेतात एकटं उभं असलेलं, पोहण्याचा तलाव असलेलं घर फोटोत मोहात पाडतं. मात्र तिथे पावासाठीसुद्धा गाडी काढावी लागते. आमच्या घरापासून बेकरी, औषधांचं दुकान आणि मठाचं जुनं चर्च चालत गाठता येत होतं. त्यामुळे सासूबाई रोज सकाळी नातवाला घेऊन स्वतः पाव आणायला जायच्या. दुकानात पाऊल टाकताच आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं, हे त्यांना लगेच जमलं. बेकरीवाल्या बाईंना त्यांच्या नऊवारीचं केवढं कौतुक!

घर पिवळसर चुनखडीच्या दगडाचं. भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता यावं. पंखा नाही, एसी नाही. उकाड्यावर तिथला उपाय एकच: ऊन चढायच्या आत बाहेरच्या लाकडी झडपा आणि खिडक्या बंद करायच्या, आणि रात्री सगळं सताड उघडायचं. आपल्याला दिवसा अंधारात बसणं चमत्कारिक वाटतं, पण दुपारी बाहेर अंग भाजत असताना आतली फरशी पायाला गार लागते. पावसाळी दिवशी मात्र हाच दगड गारठा धरून ठेवतो. जूनमध्येही प्रत्येकाला एक स्वेटर हवाच.

याच भिंती वायफाय अडवतात. राउटर खाली असेल तर वरच्या खोलीत काहीच मिळत नाही, तेव्हा ज्यांना काम करायचं आहे त्यांनी मालकांना आधी विचारून घ्यावं. जिनेही अरुंद आणि चढे असतात. बरोबर गुडघेदुखीचं माणूस असेल तर तळमजल्यावर झोपायची खोली आणि शौचालय, दोन्ही आहेत ना, हे लेखी विचारा. जाहिरातीत नुसतं ‘तीन बेडरूम’ असतं. अंघोळीचं पाणी बऱ्याच घरांत रात्रीच्या स्वस्त विजेवर तापवून टाकीत साठवतात. सगळ्यांनी सकाळी ओळीने अंघोळी केल्या तर शेवटच्याला गार पाणी मिळतं. निम्म्यांनी रात्री उरकावी. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि हीटर एका वेळी लावले तर वीज जाऊ शकते, म्हणून मेन स्विच कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. गावाबाहेरच्या घरांना सेप्टिक टँक असतो, त्यात ओले वाइप्स टाकू नयेत.

भाड्याचा आठवडा बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार. दुपारी चारच्या सुमारास प्रवेश, सकाळी दहापर्यंत घर रिकामं. चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई, माणशी पर्यटन कर आणि थंडीत हीटिंग हे भाड्यात धरलेलं नसू शकतं. करार त्यासाठी ओळ न् ओळ वाचावा. जुलै-ऑगस्टमध्ये भाडं खूप चढतं. जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर उत्तम. करारावर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे घालून घ्या, शेंगेन व्हिसाला राहण्याचा पुरावा म्हणून तो लागतो.

आता जेवण. या भागात बदकाचं राज्य आहे. शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ‘पॉम सार्लादेझ’ म्हणजे लसूण घातलेले खरपूस बटाटे दिसायला निर्धोक, पण ते बदकाच्या चरबीत परततात. ऑम्लेटबद्दलही विचारूनच घ्या. स्वतःचं स्वयंपाकघर असण्याचा खरा उपयोग इथे होतो. जवळच्या सार्ला या गावाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, सँ-सिप्रियँचा रविवारी सकाळी. सार्लात जुन्या सँत-मारी चर्चचाच झाकलेला बाजार केला आहे. त्याचे प्रचंड उंच धातूचे दरवाजे वास्तुकार झाँ नूव्हेल यांचे. टोमॅटो, कोवळी झुकिनी, पेरिगोरच्या स्ट्रॉबेरी, शेळीच्या चीजच्या छोट्या चकत्या, अक्रोड. अक्रोडाचं तेल सॅलडवर कच्चंच घालायचं, तापवलं की त्याची चव जाते. ल पुईच्या हिरव्या मसुरांची गोडा मसाला घालून केलेली आमटी त्या पावाबरोबर फार छान लागली. मसाले, हिंग न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालणार नाही. गावातली दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद, रविवार दुपार आणि बऱ्याचदा सोमवारही बंद, हे धरून वाणसामान भरा.

गाडीशिवाय इथे फिरणं कठीण. बोर्दोहून सार्लापर्यंत रेल्वे येते, पण पुढची खेडी बसवर होत नाहीत. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर आरक्षण करा. जिथे वेगळी खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, अगदी गल्लीतून आला तरी.

पाहण्यासारखं चिकार आहे, पण माझं मन गुंतलं ते आदिमानवाच्या चित्रांच्या फाँ-द-गोम गुहेत. याच भागातली लास्को ही अशाच चित्रांची प्रसिद्ध गुहा १९४० साली सापडली आणि लोकांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चित्रं बिघडू लागल्यावर १९६३ मध्ये बंद झाली. आता तिथे प्रतिकृती दाखवतात, सर्वांत नवी २०१६ ची, आणि ती अप्रतिमच आहे. फाँ-द-गोममध्ये मात्र अस्सल रंगीत चित्रं आहेत. मार्गदर्शकाने दिवा तिरका धरला आणि दगडाच्या फुगवट्यावर रानरेड्याची पाठ उमटली. चित्रकाराने तो फुगवटा हेरूनच रेघ ओढली होती! नणंदेच्या धाकट्याने तोवर धरलेला माझा हात सोडला आणि तो पुढे सरकला. रोज मोजक्याच लोकांना आत घेतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाबरोबरच याचं तिकीट पाहा. बेनाक आणि कास्तेल्नो हे दोर्दोन्य नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे असलेले किल्ले एका दिवसात होतात.

निघण्याच्या आदल्या रात्रीच भांडी, कचरा आवरून ठेवा. आम्हाला कचऱ्याच्या सार्वजनिक पेट्या उघडायला मालकीणबाईंनी कार्ड दिलं होतं, काचेच्या बाटल्या वेगळ्या पेटीत जातात. घराची पाहणी झाली की अनामत रक्कम कधी आणि कशी परत मिळेल ते विचारून घ्या. उन्हाळ्यातल्या शनिवारी अख्खा फ्रान्स रस्त्यावर असतो. बोर्दोहून विमान असेल तर शक्यतो रविवारचं घ्या.